कॉम्प्युटर आला, पण कागद काही गेला नाही

आमच्या वॉर्डात सिस्टर लोकांचं काम डबल झालंय. आधी कागदावर बीपी, शुगर, टेम्परेचर लिहायचं आणि मग वॉर्डातला एकुलता एक कॉम्प्युटर रिकामा झाला की तेच सगळं परत टाइप करायचं, त्यामुळे रात्री बाराला घेतलेलं बीपी सिस्टीमला तीनचं दिसतं, आता सकाळी राउंडला डॉक्टरांनी कशावर भरवसा ठेवायचा सांगा.

सरकारचे ईएचआर (म्हणजे पेशंटचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड) स्टँडर्ड २०१६ मध्येच सुधारून आलेत, २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, १४ आकडी आभा नंबर (पेशंटचा हेल्थ आयडी) आहे. ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं ते तर मला जाम आवडतं, केसपेपरच्या लाईनीत ताटकळणं वाचतं. पण हे झालं दारातलं, आत वॉर्डात काय?

ॲलर्जीचंच बघा. पेनिसिलिनची ॲलर्जी कोणीतरी घाईत रिमार्कमध्ये टाइप करतं, ॲलर्जीच्या रकान्यात नाही, मग औषध लिहिताना सिस्टीम वॉर्निंग देणार कशी? आणि उलट फालतू गोष्टींना इतके पॉपअप येतात की सगळे न वाचता ओके दाबत सुटतात (मी पण दाबते, खोटं कशाला बोलू).

माझं म्हणणं एवढंच की नवीन स्क्रीन बनवायच्या आधी त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एक नाईट ड्युटी आमच्यासोबत काढावी, बेडपाशी टॅब द्यावा, मॉनिटरचं रीडिंग थेट रेकॉर्डला जाऊ द्यावं. आणि ते दर दहा मिनिटांनी लॉगआऊट होणं, त्याचं काहीतरी करा बाबांनो!