म्युनिकहून ग्रोसग्लॉकनर: एका दिवसाचा घाटरस्ता

म्युनिकला राहणाऱ्या मराठी मंडळींचा ऑस्ट्रिया बहुतेक वेळा साल्झबुर्ग आणि इन्सब्रुकवर आटोपतो. आमचंही तेच झालं होतं. म्हणून जुलैतला एक निरभ्र शनिवार बघून आम्ही दोघांनी ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर शिखराजवळचा घाट गाठला. निरभ्र हवामानाला इथे पर्याय नाही. वर ढग उतरले असतील, तर चाळीसहून जास्त युरोंचा टोल भरून नुसतं धुकं बघाल. घाटाचा वेबकॅम आदल्या रात्री बघून उपयोग नाही, निघायच्या सकाळी बघा.

पहाटेच निघालो. कुफस्टाइन-स्युडपर्यंतच्या हायवेला व्हिन्येट, म्हणजे ऑस्ट्रियातल्या हायवेच्या टोलचा परवाना, लागत नाही. तिथे उतरून सेंट योहान, साल्फेल्डन, झेल आम झे असा साध्या रस्त्याने गेलात तर ते पैसे वाचतात आणि रस्ताही देखणा आहे. पेट्रोल झेल आम झेच्या आसपासच भरून घ्या. गाडी भाड्याची असेल तर ऑस्ट्रियात न्यायची परवानगी करारात आहे ना, ते तपासा.

फेर्लाइटनच्या नाक्यावर घाट सुरू होतो. ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं. रस्ता १९३० ते १९३५ या मंदीच्या काळात बांधला. फ्रान्झ वालाक हा त्याचा अभियंता. बेकारांच्या हाताला काम मिळावं हाही त्यामागचा एक हेतू होता. कसाऱ्यात ट्रकच्या मागे तासभर रांगलेल्या माणसाला इथे चुकल्यासारखं होतं: ना ट्रक, ना खड्डे, वळणावळणाला क्रमांक आणि उंचीची पाटी. त्रास होतो तो मोटरसायकलवाल्यांचा. वळणावर ते कुठून उगवतील सांगता येत नाही, तेव्हा आरशावर नजर ठेवा.

झाडं संपली की एडेलवाइसश्पिट्झंचा फाटा येतो. पुष्कळजण तो सोडून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. दगडी फरसबंदीचा अरुंद, उभा चढ आहे, पण २,५७१ मीटरवर गाडी थेट पोचते आणि चहूबाजूंना तीन हजार मीटरवरची शिखरं दिसतात. वर जागा मोजकीच, त्यामुळे नऊच्या आत पोचलात तर बरं. खाली सव्वीस अंश होते, वर स्वेटरवर जॅकेट चढवावं लागलं. डब्यातल्या दशम्या आणि तिळाची चटणी आम्ही तिथेच कठड्याला टेकून संपवली. वाऱ्याने चटणी उडते, हे लक्षात असू द्या.

पुढे होखटोरचा बोगदा, २,५०४ मीटर. पलीकडे साल्झबुर्ग प्रांत संपून केर्न्टन सुरू होतो. तिथून ग्लेशियर रोड धरून कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योए या शिखर बघायच्या जागी जायचं. १८५६ साली सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ या भागात आले होते, त्यावरून हे नाव. समोर ३,७९८ मीटरचा ग्रोसग्लॉकनर, आणि पायथ्याशी पास्टरत्सं, ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी हिमनदी.

खरं सांगायचं तर पास्टरत्सं बघून आम्ही दोघंही गप्प झालो. आपण बर्फ शोधत असतो आणि खाली दिसतात करडे दगड, गाळ आणि हिरवट पाण्याचं तळं. बर्फ बराच वर सरकलाय. कड्यावरून खाली जाणारी छोटी रेल्वे १९६३ मध्ये बांधली, तेव्हा ती हिमनदीच्या काठाशी नेऊन सोडायची. आता तिच्या खालच्या टोकापासून बर्फापर्यंत चांगली उतरंड आहे. तेवढी चाल करायची तर बूट पक्के हवेत, आणि परतीचा चढ विरळ हवेत दमवतो. सोबत आई-बाबा असतील तर वरच्या गच्चीवरूनच बघा.

तिथे मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले गुबगुबीत डोंगरी प्राणी, नक्की दिसतात. एक तर कठड्याखालच्या दगडावर पुढचे पाय उचलून, आमच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत बसला होता. त्यांना खायला घालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बहुमजली पार्किंग टोलमध्येच येतं, पण दुपारी भरतं. उपाहारगृहात शाकाहाऱ्यांना कायझरश्मार्न, म्हणजे अंडं घातलेल्या गोड पॅनकेकचे तुकडे, मिळतं. अंडं चालत नसेल तर डबा आणाच.

उतरताना गाडी ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडवर, दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. आमच्या पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास दोन वळणं येत होता. शेवटी ते कुटुंब बाजूला थांबलं. ब्रेक तापले तर त्यावर पाणी ओतू नका, नुसतं थांबा.

वेळ असेल तर परतण्याआधी घाटाच्या पलीकडच्या टोकाच्या हाइलिगेनब्लुट गावाला उतरून या. टोल दिवसभराचा असतो, त्याच तिकिटावर परत चढता येतं. मात्र रात्री रस्ता बंद होतो आणि शेवटचा प्रवेश त्याच्या बराच आधी असतो, म्हणून नाक्यावरची वेळ जातानाच बघून ठेवा. हंगाम साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबर-अखेरपर्यंत. मेमध्ये दुतर्फा बर्फाच्या भिंती असतात, पण टायर हिवाळ्याचे हवेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर, आणि शक्यतो रविवार सोडून जावं.