कॅडो सरोवराच्या उथळ पाण्यात, सपाट बुडाच्या होडीतून

टेक्सास आणि लुइझियाना या दोन राज्यांच्या सीमेवरचे कॅडो सरोवर सुमारे २५ हजार एकरांवर पसरलेले आहे. परंतु त्याची सरासरी खोली आठ-दहा फुटांच्या पलीकडे जात नाही आणि वसंतात बास मासा जिथे सापडतो तिथे पाणी कित्येकदा कमरेइतकेही नसते. डॅलसहून २० क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेकडे निघाले की साधारण तीन तासांत काठावरच्या ‘अनसर्टन’ या चिमुकल्या गावी पोहोचता येते. मार्चच्या अखेरीस आम्ही तिथे बास गरवायला गेलो, तेव्हा सोबत मूळचा श्रेव्हपोर्टचा आमचा एक शेजारी होता आणि त्याच्या गाडीमागे ट्रेलरवर त्याची अ‍ॅल्युमिनियमची जॉन बोट होती.

जॉन बोट म्हणजे सपाट बुडाची, समोरून निमुळती न होता जवळपास चौकोनीच राहणारी साधी होडी. दुकानात ती आकड्यांनी ओळखली जाते. आमची १४४८ होती, म्हणजे लांबी १४ फूट आणि बुडाची रुंदी ४८ इंच. एवढ्या बुडाचे क्षेत्रफळ जवळपास सव्वापाच चौरस मीटर भरते, त्यामुळे होडी एक सेंटीमीटर खाली जायला सुमारे पन्नास किलो वजन लागते. दोन माणसे, बॅटरी, मोटर, नांगर आणि खुद्द होडी असे सगळे मिळून तीन-सव्वातीनशे किलो धरले, तरी पुढचा भाग वर वळलेला असल्याचा हिशेब करूनही ती तीन-चार इंच पाण्यात आरामात तरंगते. बुड निमुळते असते तर तेवढाच भार पेलण्यासाठी तिला बरेच खोल बसावे लागले असते. मागच्या फळीजवळ एक छोटी पाटी असते. होडीत किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल हे तिच्यावर कोरलेले असते. आमच्या शेजाऱ्याने सामान चढवण्याआधी ती पाटी मला वाचायला लावली आणि मगच बर्फाची पेटी होडीत ठेवू दिली.

कॅडोला असे उथळ कोणी केले, याचे उत्तर रेड नदीत आहे. त्या नदीत ओंडके अडकून अडकून मैलोन्‌मैल लांबीचा एक अडथळा तयार झाला होता. त्याला ग्रेट राफ्ट म्हणत. त्याने तुंबलेल्या पाण्यामुळे या भागातले पाणी इतके चढले की वाफेवरच्या बोटी कॅडोतून थेट जेफरसन गावापर्यंत जात असत. कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी १८३३ साली तो अडथळा फोडायला सुरुवात केली (श्रेव्हपोर्ट हे नाव त्यांचेच), आणि १८७३ साली तो कायमचा निघाला तेव्हा कॅडोतले पाणी उतरले व जेफरसनची बंदर म्हणून असलेली भरभराटही त्याबरोबर ओसरली. आजचे सरोवर टिकून आहे ते १९१४ साली बांधलेल्या आणि १९७१ साली नव्याने उभारलेल्या बंधाऱ्यामुळे. पाण्यात उभी असलेली बाल्ड सायप्रसची झाडे, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे करडे स्पॅनिश मॉस आणि मुळांचे पाण्याबाहेर डोकावणारे सुळके यांनी टेक्सासकडचा बराचसा भाग व्यापला आहे. १९९३ साली या पाणथळीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्या झाडीतून वाट चुकू नये म्हणून क्रमांकांच्या खांबांनी दाखवलेले जलमार्ग आहेत. त्यांना बोट रोड म्हणतात. मासा मात्र बोट रोडवर क्वचितच भेटतो, त्यामुळे आम्हाला ते लगेचच सोडावे लागले.

वसंतात पाणी पंधरा-वीस अंश सेल्सियसपर्यंत तापले की लार्जमाउथ बास विणीसाठी काठालगतच्या उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादीने अंडी घातली की त्यांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर धावून जातो. होडीच्या पुढच्या टोकाला बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर होती. ती जवळपास नि:शब्द चालते, पण तिचा पंखा होडीच्या बुडाच्या बराच खाली फिरत असल्याने जिथे पाणवेली दाट होत्या तिथे ती वर उचलून घ्यावी लागली. त्यानंतर शेजारी मागे उभा राहून लांब काठी तळाला रोवत होडी ढकलू लागला. उभे राहून काम करता येणे हा सपाट बुडाचा मोठाच फायदा आहे, कारण उंचावरून पाण्याखालचे ओंडके आणि कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या जागा दिसतात. एक-दोनदा बुडाखाली बुंधा घासल्याचा आवाज आला, आणि होडी त्याच्यावरून सरकून पुढे गेली. अ‍ॅल्युमिनियमचे वैगुण्य आवाजाचे. पेटीचे झाकण पडले तरी ते ढोलासारखे घुमते आणि पंचवीस-तीस फुटांवरचा मासा सावध होतो. म्हणून होडीच्या तळावर जाड सतरंजीसारखा कपडा चिकटवलेला होता आणि मला वारंवार सूचना मिळत होती, “पाय उचलून टाक, घासू नकोस.”

आमिष होते प्लास्टिकचे लवचीक गांडूळ, टेक्सास रिग पद्धतीने बांधलेले. दोरीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन ओवायचे आणि गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचे, म्हणजे ते पानांत न अडकता त्यांच्यामधून सरकते. मासा चावला की गळाची काठी जोरात मागे ओढून ते टोक गांडुळातून बाहेर आणि माशाच्या जबड्यात रुतवायचे. सायप्रसच्या एका बुंध्याशी मला जो बास लागला तो पट्टीवर सोळा इंच भरला. कॅडोत चौदा ते अठरा इंचांमधला लार्जमाउथ ठेवता येत नाही, त्यामुळे तो परत पाण्यात गेला. वेंगुर्ल्याकडे वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला गरवलेला मासा असा सोडून देणे जिवावर येते. मात्र त्या आकाराची माशांची पिढी राखण्यामागचे शहाणपण मला पटते.

वाटेत वीस फुटी, फायबरग्लासच्या, अडीचशे अश्वशक्तीच्या बास बोटी आम्हाला ओलांडून गेल्या. स्पर्धेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्यासाठी त्या बनवलेल्या आहेत. आम्ही जिथे काठीने शिरलो तिथे त्यांना शिरताच आले नसते. लहान होडी ही न परवडणाऱ्याची तडजोड आहे असे पुष्कळांना वाटते, पण उथळ पाण्यापुरते मी उलटेच म्हणेन. लार्जमाउथचा जागतिक विक्रम, २२ पौंड ४ औंस, जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये घरी बनवलेल्या लाकडी होडीतून केला. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, आणि ती जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली.

तरीही या होडीची मर्यादा स्पष्ट आहे. दुपारी वारा सुटल्यावर आम्ही लुइझियानाकडच्या उघड्या पाण्याच्या कडेला आलो, तेव्हा फूटभर उंचीच्या लाटांवरही बुड धाडधाड आपटू लागले आणि पुढच्या कडेवरून पाणी आत येऊ लागले. निमुळते बुड लाट कापते, सपाट बुड तिच्यावर चढते आणि दाणकन खाली बसते. शेजाऱ्याने लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट करायला सांगून वेग कमी केला आणि होडी झाडांच्या आडोशाने परत वळवली.

धक्क्यावर होडी बाहेर काढल्यानंतरचे काम मासेमारीइतकेच नेटाने करावे लागते. ब्राझीलमधून आलेले जायंट साल्व्हिनिया हे तरंगते नेचे २००६ साली कॅडोत आढळले. अनुकूल हवामानात ते आठवड्याभरात दुप्पट होते आणि त्याच्या जाड थराखाली प्रकाश व प्राणवायू कमी पडून मासे टिकत नाहीत. उजनीत किंवा मुळा-मुठेत जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. साल्व्हिनिया खाणारे भुंगे कॅडोकाठी हरितगृहात वाढवून सरोवरात सोडले जातात, पण नेच्याचा एखादा तुकडा ट्रेलरला चिकटून दुसऱ्या तलावात गेला तरी तिथे नवे संकट उभे राहते. म्हणून मागच्या फळीतले बूच काढून होडीतले सगळे पाणी तिथेच सोडायचे, ट्रेलरच्या चाकांपासून मोटरच्या पंख्यापर्यंत सगळे हाताने चाचपायचे, आणि होडी पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात उतरवायची नाही. तलावाबाहेर नेण्यापूर्वी होडी रिकामी करणे टेक्सासमध्ये कायद्यानेही बंधनकारक आहे.