चोराच्या पावलाला मी पंच

आमच्या खानापूर भागात वळीव पडला की तांबड्या मातीचं लोणी होतं. चोर नेमका त्याच रात्री शेजाऱ्याच्या बोअरची केबल कापून गेला आणि सकाळी पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावलं. पंच म्हणजे सही ठोकायची, चहा प्यायचा आणि घरी यायचं, एवढीच माझी अक्कल.

बांधाखाली अनवाणी पावलांची रांग होती. निम्मी आम्ही बघ्यांनीच तुडवलेली. एक उजवं तेवढं शाबूत. बेळगावहून आलेल्या फॉरेन्सिकच्या पोराने शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढले. ठशात काजूचं पान होतं, ते काढायला मी वाकलो तर तो ओरडलाच, "काका, हात लावू नका!" मागून वर पडलेली काडी त्याने चिमट्याने अलगद उचलली. पान मात्र पायाखाली दाबलं गेलेलं, म्हणजे ठशाचाच भाग. ओढलं तर खालची माती उचकटणार. मग भोवती पत्र्याची चौकट लावली. डोशाच्या पिठाएवढं सैल प्लास्टर कालवून चमच्यावरून हळूहळू सोडलं, कारण वरून धार धरली की ठसा फुटतो. निम्मं भरल्यावर मजबुतीला काड्या. घट्ट होत आलं तेव्हा पाठीवर खिळ्याने तारीख आणि आम्हा दोघा पंचांच्या सह्या. माझी मराठीत.

महजर, म्हणजे पंचनामा, कानडीत. मला बोलता फर्डं येतं, वाचताना अडखळतो, म्हणून सगळा वाचून घेतला. डावं पाऊल लिहिलेलं! दुरुस्त करायला लावलं. लिहिणारा वैतागला, वैतागू दे.

साक्षीचं समन्स आलं तीन वर्षांनी. वकील असलेला भाचा म्हणाला, "मामा, पावलांच्या ठशांचं शास्त्र प्राथमिक अवस्थेत आहे, त्यावर फार विसंबू नये, असं सुप्रीम कोर्टाने १९५६ सालीच म्हटलंय. बाकी पुराव्याच्या जोडीला चालतं. तुम्ही दिसलं तेवढंच सांगा."

"हा पाय आरोपीचाच कशावरून?" उलटतपासणीत पहिला प्रश्न.

"ते मला काय ठाऊक? ठसा माझ्यासमोर घेतला."

"तो हाच कशावरून?"

प्लास्टर हातात दिलं. पाठीवर माझी सही होती. उलटून पाहिलं, तर टाचेपाशी काजूच्या पानाच्या शिरा उमटलेल्या.