लायनर नवे टाकले तरी मागचे ब्रेक ढिलेच, माझा अनुभव

गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, आतून घासणारे) एकदमच बदलले होते जळगावला, दोन्ही घासून संपत आलेलेच होते. नवा माल टाकल्यावर ब्रेक कडक लागतील असंच कोणालाही वाटतं ना, इथे झालं उलटं, पेडल आधीपेक्षा खाली जायला लागलं आणि हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी उतारावर गाडी हळूहळू सरकायची. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, नवा लायनर शेतस, बसाले येळ लागी." हे खोटं नाही, लायनर ड्रमला नीट बसायला २००-३०० किलोमीटर लागतात, पण त्याने हँडब्रेक एवढा वर कसा येईल हे मला पटत नव्हतं. परत नेली तर हँडब्रेकची केबल ताणून दिली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, पुन्हा केबल ताणली.

नंतर संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरलो, गाडीत घरचे सगळे, डिकी भरलेली. दुसऱ्या गिअरवरच उतरवत होतो, समोर ट्रकची रांग, सारखा ब्रेक लागत होता, आणि पुढून जळका वास यायला लागला. खाली आल्यावर बाजूला थांबून चाकांजवळ हात नेला (लावू नका हां, भाजतं), पुढची चाकं तापून लाल व्हायची बाकी आणि मागचे ड्रम गार. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं म्हणून पुढच्या चाकांवर जास्त काम पडतं हे बरोबर आहे, पण एवढा घाट उतरून मागचे गारच म्हणजे ते काम करतच नव्हते. त्यात हँडब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागतो, म्हणजे चढावर गाडी उभी करायची तर सगळा भरवसा त्यांच्यावर.

चाळीसगावला एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे आप्पाच म्हणतात. आप्पांनी चाक खोलायच्या आधी नुसतं पेडल दाबून बरंच काही सांगितलं आणि हे प्रत्येकाने घरी करून बघण्यासारखं आहे. एकदा दाबलं, खाली गेलं. लगेच पटपट दुसऱ्यांदा दाबलं तर वर आलं आणि कडक लागलं. स्पंजासारखं लागलं असतं तर ब्रेक ऑइलच्या लाईनमधे हवा, दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं असतं तर मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) खराब नाहीतर कुठेतरी गळती. मग हँडब्रेक थोडा ओढून पेडल दाबलं तर पहिल्याच दाबात वर लागलं. आप्पा म्हणे, "गॅप पडेल शे." म्हणजे लायनर आणि ड्रममधे अंतर जास्त आहे, पेडलचा निम्मा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो.

ड्रम काढले आणि आप्पांनी पहिल्यांदा ओल्या फडक्याने धूळ पुसली, कॉम्प्रेसरची हवा मारू दिली नाही, ती धूळ छातीत जायला नको म्हणून. व्हील सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलतो तो) रबर उचलून बघितलं, कोरडं होतं. ब्रेक ऑइल गळून लायनरला लागलेलं असतं तर लायनर फेकावेच लागले असते, पेट्रोलने धुऊन भागत नाही. खरा घोळ अॅडजस्टरमधे निघाला, म्हणजे लायनर झिजत गेले की ड्रमपासूनचं अंतर आपोआप भरून काढणाऱ्या भागात. या गाडीला स्क्रूचा, चाकासारखे दाते असलेला अॅडजस्टर आहे, त्याचे आटे (स्क्रूच्या खाचा) डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात, आणि आधी दोन्ही ड्रम एकदम खोलून काम केल्याने इकडचा तिकडे बसला होता. त्यामुळे अंतर आपोआप कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. आणि वरून केबल ताणलेली, त्यामुळे ड्रमच्या आतला हँडब्रेकचा लिव्हर पूर्ण मागे बसतच नव्हता, लायनर आपल्या जागेवर परत येत नव्हते. म्हणजे ज्याने तात्पुरतं बरं वाटायचं त्यानेच दुखणं लपत होतं.

मग क्रम असा, आणि हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी केबल पूर्ण ढिली केली. अॅडजस्टर आपापल्या बाजूला लावले, ड्रम चढवला, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) भोकातून स्क्रूड्रायव्हरने दाते फिरवून चाक घासायला लागेपर्यंत आणलं आणि मोकळं फिरेल इतकं मागे घेतलं. पेडल बऱ्याच वेळा दाबून लायनर मधोमध बसवले, परत चाक फिरवून बघितलं, आणि सगळ्यात शेवटी केबल. ब्रेक ऑइल काळपट झालं होतं म्हणून लगे हाथ तेही बदललं, मास्टर सिलेंडरपासून लांबचं चाक आधी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, डॉट ४ दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं आणि ओलं झालं की ते १५५ पर्यंत उतरू शकतं, आपल्याकडच्या मे महिन्यात भरली गाडी घाटातून उतरवायची असेल तर हा फरक लहान नाही.

लायनर ड्रमला कुठे टेकतो ते कळावं म्हणून त्याला खडू लावूनही बघितला आप्पांनी. उजव्या बाजूला खडू फक्त मधेच पुसला गेला, टोकं कोरी. जुना ड्रम झिजून मोठा झालाय, नवीन लायनरची गोलाई त्याला पूर्ण टेकत नाही. तो बराचसा घासून बसेल म्हणाले, पण पुढच्या वेळी ड्रम लेथवर द्यायचा की नवा घ्यायचा ते मोजून ठरवायचं, जास्तीत जास्त किती व्यास चालतो ते ड्रमवरच कोरलेलं आहे. तोपर्यंत पेडल वर आहे, हँडब्रेक अर्ध्यातच धरतो आणि लळिंग घाट उतरल्यावर मागचे दोन्ही ड्रम सारखेच कोमट लागले.