सिद्धेश्वर तलावाचा पॅनोरमा: आडवे पडलेले तीन फोटो

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचे फोटो दोन ओळींत काढून, जोडून एक रुंद चित्र करतोय. मागच्या आठवड्यात फोटोंची खालची ओळ जुळली होती, वरची काही केल्या बसत नव्हती. आज बसली. अडलं होतं ते फोटोंच्या दिशेच्या टॅगपाशी, म्हणजे फोटो उभा की आडवा ते सांगणाऱ्या नोंदीपाशी.

जागा तीच, किल्ल्याकडचा काठ. समोर पाण्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. सकाळी लवकर गेलो, कारण ऊन चढलं की पाणी नुसतं चकाकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर उभा, एपीएस-सी सेन्सर, 18 मिमी. उभ्या फोटोत रुंदीला साधारण 47 अंश मावतात, म्हणून दर 30 अंशांवर एक असे 7 फोटो. मग कॅमेरा 50 अंश वर करून आभाळाचे आणखी 7.

वरच्या ओळीतले तीन संगणकावर आडवे दिसले. कॅमेरा उभं-आडवं ओळखतो ते गुरुत्वाकर्षणावरून. लेन्स आभाळाकडे वळत जाते तसा हा अंदाज डळमळतो. पिक्सेल मात्र नेहमी 6000 बाय 4000 असेच साठतात. कसं फिरवून दाखवायचं ते एक्झिफमधला, म्हणजे फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीतला, आकडा सांगतो. हाच तो टॅग. 1 म्हणजे आहे तसं, 3 म्हणजे उलटं, 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेने 90 अंश, 8 म्हणजे विरुद्ध दिशेने 90. माझ्या अकरा फोटोंवर 8 होता, तिघांवर 1.

मागच्या आठवड्यात मी ते तिघं फोटो बघायच्या प्रोग्राममध्येच फिरवून सेव्ह केले. चूक तिथेच झाली. त्यांचे पिक्सेल 4000 बाय 6000 झाले आणि ह्यूगिनने, म्हणजे फोटो जोडायच्या प्रोग्रामने, त्यांची लेन्स वेगळी धरली. एकाच लेन्सचे फोटो, पण दोन लेन्सची गणितं! देवळाचं शिखर आणि त्यावरचं आभाळ एकमेकांना भेटेना.

आज कार्डावरच्या मूळ फाइल पुन्हा घेतल्या. एक्झिफटूल या एक्झिफ बदलायच्या प्रोग्रामने त्या तिघांचा टॅग 8 केला, पिक्सेलना हात लावला नाही. नवा प्रोजेक्ट उघडला तर चौदाही फोटोंची लेन्स एक आणि रोल (लेन्सभोवती फोटो किती अंश फिरलाय ते) सगळ्यांचा सारखा. टॅग न बदलता ह्यूगिनमध्ये त्या तिघांचा रोल हाताने इतरांइतका टाकला तरी चालतं. ह्यूगिनचा ऑप्टिमायझर फोटो थोडे थोडे हलवून जुळवतो, त्याला सुरुवात बरोबर मिळाली पाहिजे. 90 अंश चुकीच्या जागेवरून निघाला तर तो भलतीकडेच अडकतो.

कंट्रोल पॉइंट म्हणजे दोन फोटोंत दिसणारी एकच खूण. पाण्यावरचे आणि झाडांच्या शेंड्यांवरचे पॉइंट काढून टाकले, ते हलतात. क्षितिज सरळ करायला पलीकडच्या काठावर आडवी रेष देऊ नका. तो काठ डोळ्यांच्या पातळीखाली असतो, पॅनोरमात तो वाकणारच. मी विजेच्या दोन खांबांवर आणि देवळाच्या भिंतीच्या कोपऱ्यावर उभ्या रेषा दिल्या. शिखर ओळंब्यात आलं!

राहिलंय ते पाणी. दोन जोडांवर तरंग तुटलेत, तिथे उद्या मास्क करतो, म्हणजे कुठल्या फोटोतला भाग झाकायचा ते हाताने ठरवतो.