कपाटाचं दार उघडलं की नेट येतं

नवीन घरात नेट लावायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, हा डबा कुठे लपवता येईल. रेंज कुठून चांगली मिळेल असं विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. मी लोकांना दोष देत नाही, एवढं हौसेने घर सजवलंय, भिंतींचा रंग अजून ताजा आहे आणि आम्ही तिथे अँटेना वर आलेला काळा डबा आणि त्याच्या लोंबणाऱ्या वायरी घेऊन उभे, कोणाला आवडेल. पण या लपवालपवीत काय काय होऊ शकतं ते एका घरात असं काही बघायला मिळालं की अजून आमच्या टीममध्ये त्याचा विषय निघतो.

कम्प्लेंट अशी होती की सकाळी नेट मस्त चालतं आणि साडेनऊच्या पुढे मरतं. इन्स्टॉलेशन दुसऱ्या टीमने केलेलं होतं. घरच्या ताई आतल्या छोट्या खोलीत बसून ऑफिसचं काम करायच्या आणि मीटिंग सुरू झाली रे झाली की चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा, शेवटी मोबाईलच्या नेटवर जाऊन वेळ मारून न्यायची. फोनवरून सगळं करून झालं होतं, रिस्टार्ट, रिसेट, पासवर्ड बदलणं, एवढंच काय मॉडेमसुद्धा बदलून दिला होता. "दादा, मी सकाळी आवरत असते तेव्हा व्हिडिओ एकदा पण अडकत नाही, आणि कामाला बसले की बंद. त्या वेळी तुमच्याकडेच लोड येतो ना?" लोड येतो हे खरंच आहे, एका फायबरवर स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरं जोडलेली असू शकतात, पण त्याचा त्रास झालाच तर संध्याकाळी सगळे घरी आल्यावर व्हायला पाहिजे, आणि रात्री तर यांचं बेडरूममध्ये बसून सगळं छान चालायचं म्हणे.

आधी लाइन बघितली. फायबरला पॉवर मीटर लावला (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजतो तो), मायनस 19 आलं. आमच्या या प्रकारच्या लाइनवर मायनस 27 पर्यंत मॉडेम सहसा तग धरतो त्यामुळे तिकडे काहीच अडचण नव्हती. मग लॅपटॉप थेट मॉडेमला वायरने जोडला, प्लॅन 300 चा होता, 300 च्या आसपास येत होतं. म्हणजे नेट घरापर्यंत व्यवस्थित येतंय, घरात शिरल्यावर हरवतंय.

आणि मॉडेम होता कुठे, तर मेन दरवाज्याशेजारच्या लोखंडी बॉक्समध्ये. बिल्डरने फायबरची पाइप तिथे सोडलेली, लावणाऱ्यांनी तिथेच मॉडेम बसवला, आत वायफायही त्याचंच, आणि वरून लोखंडी झाकण. घरातले काका (ताईंचे वडील) म्हणाले, "अहो भाऊ, झाकणाला भोकं आहेत की, हवा जाते मग सिग्नल का नाही जाणार?" आता वायफायची 5 गिगाहर्ट्झची लहर साधारण 6 सेंटिमीटरची आणि 2.4 ची साडेबारा सेंटिमीटरची, त्या झाकणाची भोकं मसुराच्या दाण्याएवढी, त्यातून ती लहर बाहेर फारशी येतच नाही. मायक्रोवेव्हच्या दाराला जाळी असते ती याच कारणाने. तिथे राउटर ठेवणं म्हणजे रांजणात तोंड घालून गाणं म्हणायचं आणि पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही म्हणून गायकच बदलायचा.

बॉक्स उघडून मॉडेम तात्पुरता बाहेर एका स्टुलावर ठेवला आणि मोबाईलवर सिग्नल बघत घरभर फिरलो. हॉलमध्ये मायनस 46, पॅसेजमध्ये 55, आतल्या खोलीत ताईंच्या टेबलाशी 64. हे आकडे जितके शून्याच्या जवळ तितके चांगले, व्हिडिओ कॉलला 67 च्या आत असलं की आम्ही निर्धास्त असतो. ताईंना म्हटलं करा कॉल. झकास चालला. मी हत्यारं भरायला घेतली होती आणि हातातल्या मोबाईलवर सहज नजर गेली तर मायनस 77. जागचा हललो नव्हतो. मॉडेमला कोणी हात लावला नव्हता. कॉलवर ताईंची मैत्रीण हसताहसता तोंड अर्धं उघडं ठेवून गोठलेली.

पहिला संशय शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीवर येतो, चॅनल बघितला, 5 गिगाहर्ट्झवर तर शुकशुकाट होता. शिवाय गर्दीने स्पीड पडतो, सिग्नलचा आकडा एकदम 13 ने खाली येत नाही. मग मी खोलीतून बाहेर येऊन बघायला लागलो की दोन मिनिटांत घरात बदललं काय. शेजारच्या बेडरूममध्ये काका पलंगावर बसून स्वेटर घालत होते. मी विचारलं काका तुम्ही आत्ता काही केलंत का, तर म्हणाले काही नाही, स्वेटर काढला आणि कपाट लावलं.

ते कपाट बघितलं आणि ट्यूब पेटली. बेडरूम आणि आतली खोली यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, मूळची एक मोठी खोली, तिचे दोन भाग करायला मध्ये जमिनीपासून छतापर्यंत वॉर्डरोब उभं केलेलं. आतल्या खोलीच्या बाजूने नुसतं प्लाय, आणि बेडरूमच्या बाजूने दोन सरकती दारं, दोन्हींना पूर्ण उंचीचे आरसे. मेन दरवाज्यापासून ताईंच्या टेबलापर्यंत सरळ रेघ मारली तर ती बेडरूमच्या दारातून आत शिरून बरोब्बर या कपाटातून जाते. एक दार दुसऱ्यावर सरकवलं की अर्धं कपाट मोकळं, सिग्नल कपड्यांतून आणि प्लायमधून निघून जातो. दोन्ही दारं लागली की पुढे आरसाच आरसा. काचेचं काही नसतं हो, साध्या काचेतून वायफाय आरामात जातं, काचेच्या मागे चांदीचा जो पातळ थर असतो तो प्रकाशासारखाच हा सिग्नलही परत पाठवतो.

काकांना म्हटलं तुम्ही दार सरकवा मी आकडा ओरडतो. उघडलं, 64! लावलं, 77! उघडलं, 63! ताईंचा मुलगा आतून पळत आला आणि त्याने कपाटाचा ताबाच घेतला. 13 डीबीचा (हे सिग्नलचे आकडे डेसिबलमधले) फरक म्हणजे ताकद जवळपास विसाव्या भागावर येते, हे मी सांगितलं पण कोणी ऐकत नव्हतं.

सकाळचं कोडं पण तिथेच सुटलं. ताई आवरताना बेडरूममध्येच असायच्या, आरशाच्या अलीकडे, म्हणून व्हिडिओ पळायचे. कपाट उघडं असेपर्यंत आतल्या खोलीतला लॅपटॉपही कसाबसा जोडलेला राहायचा. साडेनऊला सगळं आवरून कपाट बंद करून त्या कामाला बसल्या की लोखंडी बॉक्स अधिक आरसा, दोन्ही मिळून कार्यक्रम आटपायचा.

काकांचा तोडगा तयार होता, "मग दार उघडंच ठेवू." ताईंनी फक्त त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी मधल्या काळात एक एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा छोटा डबा, पण आणून ठेवला होता, आणि तो लावला होता ताईंच्या टेबलावर. मोबाईलवर सगळ्या कांड्या भरलेल्या आणि पान काही उघडत नाही. हा प्रकार मी सारखा बघतो. त्या कांड्या तुमच्या मोबाईलपासून एक्स्टेंडरपर्यंतच्या असतात, एक्स्टेंडरलाच जर पुढून काही मिळत नसेल तर तो बिचारा वाटणार काय. जिथे रेंज मरते तिथे नाही, जिथे अजून चांगली आहे तिथे त्याला ठेवायचा असतो. मी तो काढून त्यांच्या हातात दिला.

खरा उपाय सोपा होता. बऱ्याच लोकांना मॉडेम आणि राउटर एकच वस्तू वाटते कारण हल्ली दोन्ही एका डब्यात येतात. पण फायबर जिथे येते तिथे मॉडेम राहू दे, त्याचं वायफाय बंद करा, आणि वेगळा राउटर लॅन वायरने जिथे माणसं बसतात तिथे न्या, वायर 100 मीटरपर्यंत चालते, कुठल्याही घराला पुरून उरते. राउटर त्यांच्याकडे होता, जुन्या घरातून आणलेला, खोक्यात पडून. आणि नशीब असं की पॅसेजच्या माळ्याखाली कॅमेऱ्यासाठी लॅन वायर आधीच टाकलेली होती, तिचं दुसरं टोक त्याच लोखंडी बॉक्समध्ये, आणि माळ्यावर एक प्लग पॉइंट. कॅमेरा काही लागला नव्हता. तिथून आतल्या खोलीत जायला मध्ये फक्त एक विटांची भिंत आणि लाकडी दार लागतं, कपाटाचा संबंधच नाही.

लावला, चालू केला, स्पीड टेस्ट घेतली, 94. परत, 94. हा आकडा बघितला की मी राउटरकडे बघतच नाही, सरळ वायरीकडे जातो, कारण 94 म्हणजे लाइन 100 वर अडकलीय. वायरीत चार जोड्या असतात, 100 पर्यंत दोनच लागतात, गिगाबिटला चारही लागतात. जॅक उघडला तर इलेक्ट्रिशियनने नारिंगी आणि हिरवी जोडी तेवढी लावलेली, निळी आणि तपकिरी कापून टाकलेली. त्याचंही बरोबर, कॅमेऱ्याला तेवढं पुष्कळ होतं. दोन्ही टोकांना आठही तारा घालून नवीन जॅक मारले, मग 300 ला टेकलं.

काकांनी आता अँटेना पकडून त्यांची टोकं ताईंच्या खोलीकडे वळवायला घेतली. सगळे हेच करतात. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो, अंगाने चहूबाजूंना जातो, म्हणून सगळं एका मजल्यावर असेल तर अँटेना उभ्याच ठेवायच्या. मग म्हणाले बरं, याला एक छानसं कपाट करून घेऊ का? म्हटलं पातळ प्लायचं करा, हवा खेळेल असं करा, आरसा आणि पत्रा नको. ताई म्हणाल्या काही नको, दिसू दे डबा.

दोन्ही दारं लावून टेबलाशी मायनस 57. मुलाने तरीही दार सरकवून सरकवून खात्री केली आणि आकडा हलत नाही म्हटल्यावर हिरमुसला.

आमच्या ॲपमध्ये कम्प्लेंट बंद करताना कारण निवडावं लागतं, फायबर तुटली, मॉडेम खराब, पॉवर सप्लाय, कस्टमर घरी नाही, असे ठरलेले पर्याय आहेत. कपाट त्यात नाही. "इतर" निवडलं आणि "राउटरची जागा बदलली" एवढं टाकून पुढच्या घरी निघालो.