फ्रुगल म्हणजे कंजूस, माइझर्ली म्हणजेपण कंजूस?

संध्याकाळी इंदूरच्या भंवरकुआच्या, कोचिंग क्लासेसच्या, गल्ल्यांमधून गेलात तर दर दोन पावलांवर झेरॉक्सचं दुकान आणि तिथे स्पायरल केलेल्या व्होकॅबच्या म्हणजे इंग्लिश शब्दसंग्रहाच्या नोट्स, एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्र सरकारी नोकऱ्यांची परीक्षा) वेगळ्या, बँकेच्या वेगळ्या, परदेशात शिकायला लागणाऱ्या जीआरईच्या वेगळ्या. धार, खरगोन, बडवानी, देवास, कुठून कुठून आलेली पोरं त्या घेतात आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत घोकत बसतात. मेहनतीत कुठेच कमी नाही हो त्यांच्या. पण मला मनापासून वाटतं की ही मेहनत चुकीच्या जागी चाललीये, आणि म्हणूनच आज हे लिहायला घेतलं.

माझी भाची आमच्याकडे रामबागेत राहून एसएससी सीजीएलची, म्हणजे ग्रॅज्युएटांसाठीच्या सरकारी भरती परीक्षेची, तयारी करतेय. तिची वही परवा बघत होते. डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे हिंदी अर्थ, अक्षर एकदम मोत्यासारखं. एका पानावर ओळीने फ्रुगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, माइझर्ली, पार्सिमोनियस आणि पाचांच्याही समोर एकच शब्द, कंजूस. मी म्हटलं, "अगं, आपल्या आजीला तू कंजूस म्हणशील का?" तर लगेच म्हणाली, "नाही गं मावशी, आजी काटकसरी होती, कंजूस तर ते वरच्या मजल्यावरचे काका!" म्हणजे फरक तिला माहीत आहे, लहानपणापासून माहीत आहे, फक्त वहीत तो उतरला नाही कारण क्लासमध्ये अर्थ एका शब्दात उतरवून घ्यायला सांगतात.

मग आम्ही ते पान पुन्हा लिहिलं. फ्रुगल आणि थ्रिफ्टी काटकसरीच्या बाजूला, समोर अधिकची खूण, कारण त्यात कौतुक आहे. स्टिंजी म्हणजे चिक्कू, माइझर्ली म्हणजे कवडीचुंबक, ह्यांना उण्याची खूण. पार्सिमोनियस बोलण्यात कमी, लिखाणात जास्त, हात नको तितका आखडता घेणारा, तोपण उण्यातच. आणि प्रत्येकाला एक वाक्य. "तिच्या साध्या फ्रुगल राहणीबद्दल सगळ्यांना आदर होता", ह्यात फ्रुगल काढून माइझर्ली टाका, वाक्यच मोडतं. परीक्षेत नेमकं हेच विचारतात, कोणता शब्द कुठे बसतो आणि कुठे बसत नाही.

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना इथे एक मोठा फायदा आहे आणि तो कोणी वापरतच नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. शाळा हिंदी नाहीतर इंग्लिश मीडियमची, मित्रांशी हिंदी, मराठी फक्त घरात, त्यामुळे अभ्यासात मराठीचा काय उपयोग असं मुलं धरूनच चालतात. अरे पण घरात ऐकलेली मराठी ही बारीक फरकांनी भरलेली असते! हट्टी वेगळा, चिवट वेगळा, जिद्दी वेगळा, अडेलतट्टू तर फारच वेगळा. आता ऑब्स्टिनेट, टेनेशियस, रेझोल्यूट, इंट्रांसिजंट हे चार शब्द ह्याच क्रमाने त्यांच्यासमोर ठेवून बघा, लगेच जागेवर बसतात. म्हणून वहीत तिसरा रकाना मराठीचा करा, आणि शब्द सुचला नाही तर आई-आजीला विचारा, त्या पटकन सांगतात.

आता परीक्षा म्हटल्या तर सगळ्या एकसारख्या नाहीत, आणि हे आधी समजून घेतल्याशिवाय कुठलीच लिस्ट हातात घेऊ नये. सीजीएलच्या टिअर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्लिशचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, चुकलं की अर्धा मार्क जातो, आणि त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वन वर्ड सब्स्टिट्यूशन (अनेक शब्दांबद्दल एक शब्द), ईडियम, स्पेलिंग हे सरळ विचारतात. तिथे पाठांतराला जागा आहे, नाही म्हणत नाही. एमबीएच्या प्रवेशाची जी कॅट, तिला सरळ शब्दार्थ आता विचारत नाहीत, पण पॅसेज असे असतात की शब्दसंग्रह कच्चा असेल तर दुसऱ्या परिच्छेदातच दम लागतो. आमच्या इंदूरजवळच्या राऊच्या आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स आहे ना, २०११ ला सुरू झालेला, त्याच्या आयपीमॅट ह्या प्रवेश परीक्षेसाठी तर बारावीचीच मुलं ह्या शब्दांशी झटत असतात.

आणि जीआरई! त्यातले अँटोनिम (विरुद्धार्थी) आणि अॅनॉलॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न २०११ लाच काढून टाकले, तरी त्या काळच्या लिस्टा अजून बाजारात फिरतायत. आता टेक्स्ट कम्प्लीशन म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरणं असतं, सेंटेन्स इक्विव्हॅलन्स असतं. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा ऑप्शन, त्यातले दोन निवडायचे, दोघांनीही वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा, एक बरोबर एक चूक असेल तर मार्क शून्य. आणि बरेचदा एक जोडी अशी पेरलेली असते की ते दोन शब्द एकमेकांचे पक्के समानार्थी, पण त्या वाक्यात बसतच नाहीत. नुसती लिस्ट पाठ केलेला मुलगा तिथेच सापडतो.

आमच्या शेजारचा मुलगा जीआरई देतोय, तो एक वाक्य घेऊन आला, "काकू, समीक्षकाने पुस्तकाला क्वालिफाइड प्रेज दिली म्हणजे तो समीक्षक क्वालिफाइड होता ना?" आता इंदूरात एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं, मुख्य ऑफिस, जिकडे तिकडे प्रीलिम्स क्वालिफाय झाली की नाही हीच चर्चा, त्यामुळे त्याला दुसरं काही सुचणार तरी कसं. पण इथे क्वालिफाइड प्रेज म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. हे इतकं म्हटलं आणि त्याचा चेहरा उजळला. असे शब्द जीआरईचे आवडते, रोजच्या ओळखीचे पण अर्थ दुसराच. सँक्शन म्हणजे बँकेने लोन मंजूर केलं तेही आणि एखाद्या देशावर निर्बंध लावले तेही. टेम्पर म्हणजे राग एवढंच नाही, क्रियापद झालं की सौम्य करणं. चेक म्हणजे आवर घालणं. वाँट नाम म्हणून आलं की उणीव. माझं म्हणणं, अवघड दिसणाऱ्या शब्दांआधी ह्या सोप्या दिसणाऱ्या शब्दांची यादी करा.

रूट्स म्हणजे शब्दांची मुळं, त्याबद्दल सगळेच सांगतात, मी थोडक्यात सांगते. शाळेत संस्कृत केलं असेल तर धातू, उपसर्ग, प्रत्यय ही पद्धत ओळखीचीच आहे. लोकू म्हणजे बोलणं, त्यावरून एलोक्वंट (वक्तृत्व असलेला), लोक्वेशस (बडबड्या), सोलिलोक्वी (स्वगत). शब्दाच्या शेवटी येणारं साइड म्हणजे मारणं, त्यावरून रेजिसाइड (राजाची हत्या), फ्रॅट्रिसाइड (भावाची हत्या), वन वर्ड सब्स्टिट्यूशनला हे छान कामाला येतं. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नॉइसमचा नॉइझशी काही संबंध नाही, अर्थ घाणेरडा, दुर्गंधी येणारा. रेस्टिव म्हणजे शांत नाही, उलट अस्वस्थ. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीसारखं वाटतं, अर्थ आहे शक्ती काढून घेणं.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते म्हणून लिहितेच. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच, त्यामुळे इंग्लिशमध्ये एकाच गोष्टीला तीन तीन थरांतले शब्द आहेत. आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमार्फत आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. आपल्याकडे विचारणं, पृच्छा करणं आणि चौकशी करणं आहे की नाही, तसंच. हा थर ओळखता आला की कोणता शब्द गप्पांमधला आणि कोणता कागदोपत्री हे कळायला लागतं, आणि क्लोझ टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना, त्याने खूप फरक पडतो.

आता हे सगळं लक्षात कसं ठेवायचं ते. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग हळूहळू. आणि २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके ह्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! म्हणजे पोरं रात्री नोट्स पुन्हा पुन्हा वाचतात तेव्हा सगळं येतंय असं खरोखर वाटतं, आणि पेपरात येरे माझ्या मागल्या.

म्हणून वाचण्यापेक्षा आठवून बघायला लावणारी कार्डं करा. सेबास्टियन लाइटनर ह्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये खोक्याची पद्धत सांगितली, भाचीने बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीच केलीये. कार्डाच्या पुढे रिकामी जागा ठेवलेलं वाक्य, मागे शब्द, अधिक किंवा उण्याची खूण आणि मराठी अर्थ. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, त्याच्या पुढचा आठवड्याने. मोबाईलवर हवं असेल तर अँकी नावाचं कार्डांचं अॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे लागतात. पण कार्ड स्वतः बनवा, दुसऱ्याचं तयार डेक (कार्डांचा संच) घेतलंत तर वाक्य शोधायची आणि खूण ठरवायची निम्मी मेहनत बुडते, आणि शब्द पक्का होतो तो त्याच मेहनतीत. रोज दहा शब्द पुरेत, पन्नासचा हट्ट नको.

आणि वाचन हवंच. अग्रलेख वाचा, पण तेवढंच नको, विज्ञान, इतिहास, कला ह्यांवरचे लांब लेखही वाचा, कारण पॅसेज तिथूनच येतात. वाचताना दर शब्दाला डिक्शनरी उघडू नका, आधी अंदाज बांधा, खाली रेघ मारा, लेख संपल्यावर बघा आणि कार्डावर त्याच लेखातलं वाक्य उतरवा.

शेवटच्या आठवड्यात नवीन शब्द बंद, फक्त पहिल्या कप्प्यातली कार्डं. जीआरईवाल्यांनी, ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या दोन पॉवरप्रेप सराव टेस्ट फुकट मिळतात त्यातली एक तरी तोपर्यंत राखून ठेवा. सीजीएलवाल्यांनी जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, आणि चुकलेल्या प्रश्नातले चारही ऑप्शन कार्डावर घ्या, नुसतं उत्तर नाही, कारण आज जे चुकीचे ऑप्शन आहेत त्यातलाच एखादा पुढच्या पेपरात उत्तर म्हणून येऊ शकतो.